बोटातलं इन्सुलिन

आमरसाचा बेत होता. रायवळ आंब्यांचा रस काढून पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवलं होतं, बहीण पुऱ्या तळत होती आणि तिचा अकरा वर्षांचा मुलगा जेवणाआधीची शुगर बघायला खिडकीत बसला होता. त्याने मीटरला स्ट्रिप लावली, डाव्या हाताच्या मधल्या बोटाला कडेने टोचलं, थेंब लावला. पाच सेकंदांनी आकडा आला, ३८८. बहिणीच्या हातातला झारा कढईवर तसाच थांबला. सकाळी तर १२० होती. हा आकडा पाहिला की पुढचं सगळं तिच्या डोळ्यांसमोर एकदम उभं राहतं: जास्तीचं इन्सुलिन, रात्रीचा गजर, दोन वाजता झोपलेल्या मुलाचं बोट हातात घेऊन पुन्हा टोचणं. मला मात्र त्याच्या मनगटावर वाळलेला पिवळा ओघळ दिसला. आंबे पिळायला सकाळपासून तोच बसला होता. "साबणाने हात धुऊन ये रे," मी म्हटलं. दुसऱ्यांदा टोचलं, १४२. पहिला आकडा रक्तातल्या साखरेचा नव्हता, बोटाला चिकटलेल्या आंब्याचा होता. बहीण काही बोलली नाही. गॅस बारीक करून ती स्टुलावर बसली आणि पदराने मान पुसत राहिली.

भाचा टोचलेल्या बोटाकडे बघत होता. तिथे रक्ताचा आणखी एक थेंब फुगला होता, मोहरीएवढा. तो म्हणाला, "मावशी, तू कॉलेजात शिकवतेस ना, की प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात? मग या बोटात पण इन्सुलिनचं जनुक असणार. मग बोटच का नाही करत इन्सुलिन?"

"आधी जेव. मग सांगते."

पुऱ्या मोजल्या गेल्या, रसाची वाटी मापाने भरली गेली, बहिणीने मनातल्या मनात हिशेब करून युनिट सांगितली, त्याने पेनचा आकडा फिरवला आणि पोटाची चिमूट धरून सुई टोचली. जेवण झालं. मग तो गच्चीवर पळाला, दुसऱ्या दिवशी ती दोघं गावी परतली आणि माझं सांगायचं राहून गेलं. बावीस वर्षं बारावीला जीवशास्त्र शिकवते आहे. डीएनएवरून आरएनए ही त्याची नक्कल, आरएनएवरून प्रथिन, हे बाण फळ्यावर किती वेळा काढले असतील याची गणती नाही. पण बाण कुठे सुरू होतो आणि कुठे सुरूच होत नाही, हे एवढ्या सरळ शब्दांत मला कोणत्या विद्यार्थ्याने विचारल्याचं आठवत नाही. ज्याच्या अंगावर रोज पाच वेळा सुई येते, त्याने विचारलं.

त्याचं म्हणणं खरंही होतं. त्या थेंबातल्या तांबड्या पेशींना केंद्रक नसतं, त्यामुळे त्यांच्यात कुठलंच जनुक नाही. पण त्याच थेंबात तरंगणाऱ्या पांढऱ्या पेशींत ते आहे, ज्या कातडीतून थेंब वर आला त्या कातडीत आहे, नखाच्या मुळाशी आहे, आणि तो बोलत असताना हलणाऱ्या जिभेतही आहे. अकराव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर, अगदी टोकाजवळ, जेमतेम चौदाशे अक्षरांचं हे जनुक. त्यावरून आधी ११० अमिनो आम्लांची एक लांब साखळी तयार होते, ती कापली जाते, दुमडली जाते आणि शेवटी ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन उरतं. जनुकाची पहिली प्रत आईकडून आलेली, दुसरी बाबांकडून, आणि भाच्याच्या शरीरातल्या केंद्रक असलेल्या प्रत्येक पेशीत दोन्ही जागच्या जागी आहेत. काही हरवलेलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला हेच बोचत राहिलं. मुलाच्या अंगात कोट्यवधी ठिकाणी ते लिहिलेलं आहे, आणि आम्ही ते फ्रीजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी ठेवतो.

मला आजीची पोथी आठवली. आजीच्या देवघरात खणाच्या बासनात बांधलेली एक पोथी होती. आजीला अक्षरओळख नव्हती. श्रावणात शेजारच्या काकू यायच्या, खिडकीपाशी पाट मांडला जायचा, चष्म्याच्या काचा पदराने पुसल्या जायच्या, आजी बासनाची गाठ सोडायची आणि काकू वाचायला बसायच्या. गाठ आजीनेच सोडायची, वाचायचं काकूंनी, आणि उजेड खिडकीचाच हवा, कारण त्या कोपऱ्यात दिव्याने काकूंना दिसत नसे. एका श्रावणात काकू मुलाकडे मुंबईला गेल्या. त्या वर्षी पोथी वाचली गेली नाही. आजी रोज सकाळी बासनावर फूल ठेवायची, हात जोडायची, गाठ मात्र सोडायची नाही. मी तेव्हा दुसरीत होते. मला वाटायचं, पोथी घरात आहे ना, मग अडतंय कुठे?

बोटाच्या पेशीत इन्सुलिनचं जनुक असंच बासनात आहे. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, आणि जो भाग त्या पेशीला लागत नाही तो घट्ट आवळून ठेवलेला असतो. वर मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक खुणांच्या बारीक गाठी. बोटाच्या कातडीत केराटिनचं जनुक उघडं आहे, दिवसरात्र वाचलं जातंय, त्यातूनच ही जाड, टोचून टोचून खरखरीत झालेली कातडी बनते. इन्सुलिनची गाठ मात्र बांधलेली. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत तीच गाठ सुटलेली असते. जनुकाच्या अलीकडे साधारण चारशे अक्षरांचा एक पट्टा आहे. त्याच्यापासून इन्सुलिन बनत नाही, तो वाचणाऱ्यांनी येऊन बसायचा पाट आहे. पीडीएक्स-१, न्यूरोडी-१ आणि मॅफ-ए ही त्या वाचणाऱ्या प्रथिनांची नावं. त्या पट्ट्यावर प्रत्येकाची जागा ठरलेली. एकटं कोणी आलं तर वाचन कसंबसं, अडखळत होतं. तिघं एकमेकांना धरून बसले की मग हिस्टोनची रिळं सैल करणारी प्रथिनंही येतात आणि वाचन असं लागतं की त्या पेशीत त्यापुढे दुसऱ्या कशाचा आवाज उरत नाही. एकेका बीटा पेशीत दहा हजारांच्या आसपास बारीक पुड्या इन्सुलिनने भरून ठेवलेल्या असतात.

बर्लिनच्या पॉल लँगरहान्सने १८६९ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातल्या या पेशींचे पुंजके पहिल्यांदा वर्णन केले. ते कशासाठी आहेत हे त्याला उमगलं नव्हतं, आणि त्याने तसं प्रामाणिकपणे लिहिलं. माणसाच्या स्वादुपिंडात असे साधारण दहा लाख पुंजके असतात, सगळे मिळून वजन एक-दोन ग्रॅम. चिमूटभर मेथीदाण्यांएवढं. आमच्या घराचं वेळापत्रक, सणवार, प्रवास, झोप, सगळं त्या चिमटीवर टांगलेलं आहे.

त्या तिघांतल्या पीडीएक्स-१ बद्दल वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर ओसरीवर जाऊन बसले होते. १९९४ मध्ये ज्या उंदरांतून हे जनुक काढून टाकलं, ते उंदीर स्वादुपिंडाशिवाय जन्मले. आणि १९९७ मध्ये एका बाळाची हकिकत प्रसिद्ध झाली. त्याच्या पीडीएक्स-१ च्या दोन्ही प्रतींत बिघाड होता आणि त्याला स्वादुपिंड नव्हतंच. आई आणि बाबा, दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली होती. त्या कुटुंबात बिघडलेली एकच प्रत असलेल्यांपैकी अनेकांना मोठेपणी मधुमेह होता. म्हणजे गर्भात जो हा अवयव घडवतो, तोच पुढे जन्मभर रोज तिथे जाऊन इन्सुलिनचं जनुक वाचतो. दोन्ही प्रती गेल्या तर घरच बांधलं जात नाही. एक गेली तर घर उभं राहतं, पण पन्नाशीच्या आत वाचणाऱ्याचा आवाज बसू लागतो. ज्या गवंड्याने घर बांधलं त्यानेच रोज संध्याकाळी येऊन दिवा लावावा, अशी ही व्यवस्था. ती मला सुंदर वाटली आणि तिची भीतीही वाटली.

साखर वाढली की इन्सुलिन वाढतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. ते कसं वाढतं हे मी वर्गात पूर्वी एका वाक्यात संपवत असे. आता स्वयंपाकघरात उभी राहून त्याचा विचार करते तेव्हा ते तीन पातळ्यांवर दिसतं. अचानक पाहुणे आले की आधी डब्यातल्या तयार चपात्या वाढायच्या. बीटा पेशी साखर चाखते, म्हणजे आत घेऊन थोडी जाळून बघते, आणि काही मिनिटांत साठवलेल्या पुड्या रक्तात मोकळ्या करते. जनुकाला तोवर कोणी हात लावलेला नसतो. मग मळून ठेवलेली कणीक. पेशीत इन्सुलिनचा आरएनए आधीच लिहून ठेवलेला असतो, त्याच्यावरून नवं प्रथिन तासाभरात भराभर लाटलं जाऊ लागतं. आणि कणीक संपत आली की दळण. तेव्हा पीडीएक्स-१ केंद्रकात जमतो, मॅफ-ए वाढतो, जनुक जास्त वेळा वाचलं जातं, नवा आरएनए येतो. याला तास लागतात. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कणकेची आहे. उंदरांच्या पेशींत मोजलं तेव्हा साखर कमी असताना इन्सुलिनचा आरएनए सव्वा दिवसात निम्मा होत होता, आणि साखर भरपूर असताना तोच तीन दिवसांवर टिकत होता. घरात माणसं जेवायची आहेत हे कळल्यावर कणीकही आंबायची थांबावी, तसं.

आणि पाहुणे गेलेच नाहीत तर?

इथे मला अण्णांबद्दल लिहायला हवं. अण्णा एसटीत होते, शुगर निघाली तेव्हा वय बावन्न. पहिल्याच तपासणीत आकडे इतके वर होते की डॉक्टर म्हणाले, काही आठवडे इन्सुलिन घेऊ, स्वादुपिंडाला विश्रांती देऊ, मग गोळ्यांवर येऊ. अण्णांचा चेहरा उतरला. आमच्याकडे "तो सुईवर गेला" हे वाक्य ज्या आवाजात म्हणतात तो आवाज मी लहानपणापासून ऐकलेला होता. सुईवर गेला म्हणजे संपलं, तिथून माणूस परत येत नाही. अण्णांनी नको म्हटलं, आणि मी, जीवशास्त्र शिकवणारी त्यांची मुलगी, त्यांच्या बाजूने बोलले. गोळ्या वाढवून बघू, चालणं वाढवू, कारल्याचा रस घेऊ. विश्रांती हा शब्द मला डॉक्टरांनी पेशंटला समजावण्यासाठी वापरलेला सोपा शब्द वाटला होता. तो शब्द अक्षरशः खरा होता.

साखर आठवडेच्या आठवडे, महिनोन्महिने वर राहिली की बीटा पेशी आत घेतलेली साखर जाळतच राहतात आणि त्या जाळण्याची काजळी त्यांच्यात साठत जाते. ही काजळी धुणारी प्रथिनं या पेशींत यकृताच्या मानाने फार थोडी असतात. ज्या पेशीचं काम साखर चाखणं आहे, तिलाच साखरेचा मारा सोसत नाही. त्या काजळीने पीडीएक्स-१ आणि मॅफ-ए आपल्या जागेवर बसेनासे होतात, पुढे त्यांची संख्याच घटते. प्रयोगशाळेत बीटा पेशी महिनोन्महिने जास्त साखरेत वाढवल्या की त्यांच्यात इन्सुलिनचा आरएनए कमी कमी होत गेलेला दिसला. हाक जितकी मोठी, तितकं आतलं वाचन हळू. मग रक्तातली साखर आणखी वाढते. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने उंदरांत दाखवलं की अशा ताणाखालच्या पुष्कळ बीटा पेशी मेलेल्या नसतात, त्या स्वतःची ओळख सोडून लहानपणीच्या, अर्धवट घडलेल्या अवस्थेकडे मागे गेलेल्या असतात. इन्सुलिनसाठी रंगवलेल्या काचपट्टीवर त्या दिसत नाहीत, म्हणून त्या संपल्या असं धरलं जात होतं. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर शेवटच्या वर्षांतले अण्णा आले. डेपोच्या दारात उभे राहून, आत कशासाठी आलो हे विसरलेले.

चीनमध्ये नऊ ठिकाणी नव्याने मधुमेह निघालेल्या रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. सुरुवातीलाच थोडे आठवडे इन्सुलिन देऊन साखर खाली आणली आणि मग सगळी औषधं थांबवली. वर्षभराने इन्सुलिन मिळालेल्यांपैकी साधारण निम्मे जण औषधाशिवाय होते, सुरुवातीला गोळ्या दिलेल्यांपैकी पाव हिश्शाहून थोडे जास्त. अण्णांची पहिली तपासणी त्याच सुमाराची. त्यांनी इन्सुलिन घेतलं ते सहा वर्षांनी, पायाची जखम भरेना तेव्हा. घेतल्यावर दोन महिन्यांत त्यांना बरं वाटू लागलं, झोप लागू लागली, आणि एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "अगं, हे आधीच घेतलं असतं तर बरं झालं असतं, नाही?" मी हो म्हणाले. ते माझ्यावर रागावलेले नव्हते. आता अण्णा नाहीत, आणि ते "नाही?" माझ्या कानात आहे.

अण्णा जन्मले तेव्हा चिमणीएवढे होते असं आजी सांगायची. कापसात ठेवून वाढवलं म्हणे. हे मी नुसतं घरातलं कौतुक म्हणून ऐकत आले होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बायका गरोदर राहण्याच्या आधीपासून पाहिल्या, मग त्यांची बाळं जन्मताना मोजली, आणि पुढे ती मुलं मोठी होताना मोजत राहिले. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती कितीतरी हलकी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. स्नायू कमी, चरबी राखलेली. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांना मधुमेह लवकर का गाठतो याच्या शोधात ही मुलं जगभर महत्त्वाची ठरली. तिकडे फिलाडेल्फियात, गर्भात ज्यांचा रक्तपुरवठा कमी केला अशा उंदरांच्या पिल्लांत पीडीएक्स-१ चं जनुकच हळूहळू बासनात बांधलं जाताना दिसलं: आधी हिस्टोनची रिळं आवळली गेली, ती सोडवता येत होती, आणि पिल्लं मोठी झाल्यावर वर मिथाइलच्या गाठी पडल्या. वाचणाऱ्याचंच जनुक मिटत गेलं. उंदराचं माणसाला तसंच्या तसं लावता येत नाही, हे मी वर्गात बजावून सांगते. तरी कापसातल्या त्या चिमणीएवढ्या पोराचा विचार मनात येतोच, आणि त्याच्याबरोबर त्याच्या आईचाही. तिला त्या नऊ महिन्यांत पोटभर काय मिळालं असेल?

भाच्याचा मधुमेह मात्र वेगळा, टाइप १. त्याच्या बाबतीत वाचणारे दमले नाहीत. त्याच्याच रक्तातल्या टी पेशींनी, म्हणजे शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशींनी, बीटा पेशींना परकं समजून मारलं. सातव्या वर्षी, ऐन दिवाळीच्या सुट्टीत, आठवड्यात चार किलो वजन उतरलं, रात्री पाण्याचा तांब्या उशाशी लागायला लागला, आणि अतिदक्षता विभागातच आम्हाला कळलं. बहीण त्या रात्री बाहेरच्या बाकावर मला एकच विचारत होती, "ताई, माझं पोटुशीपणात काही चुकलं का गं? मी काही खाल्लं का?" मी नाही, नाही म्हणत राहिले, पण माझ्याकडे नाहीच्या पुढे काही नव्हतं.

या चार महिन्यांत जे वाचलं त्यातली मला सगळ्यात हलवून गेलेली गोष्ट इथे येते. इन्सुलिनचं जनुक शरीरात आणखी एका ठिकाणी वाचलं जातं. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे, लहान मुलांत चांगली मोठी असते, वय वाढेल तशी आक्रसत जाते. टी पेशी तिथे शिकतात. तिथल्या काही पेशींत एआयआरई नावाचं प्रथिन शरीरभरच्या बासनांच्या गाठी थोड्या थोड्या सैल करतं. यकृताचं थोडं, डोळ्याचं थोडं, स्वादुपिंडाचं थोडं वाचून दाखवतं, आणि टी पेशींना सांगतं की हे सगळे आपले, यांना हात लावायचा नाही. जी टी पेशी आपल्याच प्रथिनावर धावून जाते तिला बहुधा तिथेच संपवलं जातं. त्या वाचनात इन्सुलिनही असतं. रक्तातली साखर सांभाळायला ते काही उपयोगाचं नाही, अगदी कणभर. नुसती तोंडओळख.

ती ओळख किती ठळक होते हे ठरायला जनुकाच्या अलीकडच्या एका जागेचा हात असतो. तिथे चौदा-पंधरा अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा आलेला आहे, पाळण्यातल्या पालुपदासारखा. काहींच्यात तो तीस-चाळीस वेळा येतो, काहींच्यात दीडशेहून जास्त. १९९७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की पालुपद लांब असलं तर थायमसमध्ये इन्सुलिनचा आरएनए दोन-तीन पट जास्त बनतो, आणि अशा लोकांना टाइप १ मधुमेह कमी होतो. आखूड असलं तर ओळख पुसट राहते. आखूड पालुपद कोट्यवधी निरोगी माणसांत आहे, आणि या आजारात त्याच्याहून मोठा वाटा टी पेशींना प्रथिनं दाखवणाऱ्या दुसऱ्या जनुकांचा आहे, त्यामुळे एवढ्यावरून कोणाचं भविष्य सांगता येत नाही. भाच्याचं पालुपद केवढं आहे हे आम्ही तपासलेलं नाही, तपासून उपचारात काही फरकही पडणार नाही. पण मी बहिणीला फोन केला. तिला म्हटलं, तू खाल्लेल्या कशाने हे झालेलं नाही. त्याच्या छातीत एक शाळा आहे, तिथे एक धडा कदाचित हळू आवाजात वाचला गेला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हळू आवाजात म्हणजे किती हळू?" मी तिला दोन-तीन पटीचं सांगितलं. "एवढंच?" ती म्हणाली, आणि रडली.

गणपतीत ती दोघं पुन्हा आली. उकडीचे मोदक. बहिणीने एका मोदकातलं सारण वजनकाट्यावर तोलून घेतलं होतं, गूळ किती, खोबरं किती. जेवायच्या आधी भाचा माझ्याशेजारी ओसरीवर बसला. मीच म्हटलं, "तू मे महिन्यात काय विचारलं होतंस, आठवतंय?" त्याला आठवत होतं. मी आजीची पोथी सांगितली, बासन सांगितलं, बोटातलं बांधलेलं आणि स्वादुपिंडातलं सुटलेलं सांगितलं. तिघा वाचणाऱ्यांची नावं त्याने दोनदा म्हणून घेतली. थायमसचं सांगितलं तेव्हा त्याने शर्टाचं वरचं बटण काढून छातीच्या हाडावर हात ठेवला. "इथे?" "तिथेच, आतल्या बाजूला."

मग म्हणाला, "पण बोटातलं सोडता येतं का?"

मी हा भाग जपून सांगायचं ठरवलं होतं. अमेरिकेत डग्लस मेल्टन नावाचे एक शास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या मुलालाही तुझ्यासारखंच आहे, आणि मुलीलाही. २००८ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या स्वादुपिंडातल्या, पाचकरस करणाऱ्या पेशींत तीन वाचणारे घातले. त्यातले दोन म्हणजे तुझे पीडीएक्स-१ आणि मॅफ-ए, न्यूरोडीच्या जागी त्याच्या आधी येणारा दुसरा एक. त्या पेशी इन्सुलिन करू लागल्या. बोटाच्या पेशीला मात्र नुसते वाचणारे आणून बसवले तरी पुरत नाही, तिला आधी मागे न्यावं लागतं, अगदी बाळपणाच्या आधीपर्यंत, आणि मग हळूहळू पावलं टाकत स्वादुपिंडाच्या वाटेने पुढे आणावं लागतं. चीनमध्ये टाइप १ असलेल्या एका पंचविशीतल्या बाईच्या स्वतःच्याच चरबीतल्या पेशी अशा मागे नेल्या, पुढे आणल्या, त्यांचे पुंजके करून तिच्या पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाखाली सोडले. अडीच महिन्यांनी तिला बाहेरून इन्सुलिन लागायचं थांबलं. २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिच्या शरीराने ते पुंजके पुन्हा मारले नाहीत, पण त्यात एक गोष्ट आहे: यकृत बदलल्यामुळे ती आधीपासूनच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत होती. तुझ्या टी पेशी अजून तशाच आहेत. पुंजके आले तरी त्या त्यांना आपलं म्हणून ओळखणार नाहीत.

"म्हणजे वाचणारे मिळतील," तो सावकाश म्हणाला, "पण शाळेचं काय?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. जगभरच्या प्रयोगशाळा याच प्रश्नापाशी उभ्या आहेत, आणि तो माझ्या ओसरीवर मांडी घालून बसला होता. मी म्हटलं, "त्याच्यावरच सगळे काम करतायत." त्याने मान डोलावली. आतून बहिणीने हाक मारली, पानं घेतली होती. त्याने हात धुतले, कोपरापर्यंत, साबणाने, मे महिन्यापासूनची ही नवी सवय. पुसून कोरडे केले. डाव्या हाताचं मधलं बोट निवडलं, कडेने टोचलं, थेंब वर आला. तो थेंब त्याने लगेच स्ट्रिपला लावला नाही. बोट उजेडाकडे धरून क्षणभर बघितलं, मग मला विचारलं, "तांबड्यांत नाही ना? पांढऱ्यांत आहे."

"पांढऱ्यांत आहे."

१३१. बहिणीने दोन मोदकांचा हिशेब सांगितला. त्याने पेनचा आकडा फिरवला, टक, टक, टक, आणि पोटाची चिमूट धरली.